कोकणातल्या घरात होमस्टे काढताय? मग आधी हे कागद बघा

गावचं घर वर्षभर बंद पडून आहे, दोन खोल्या पर्यटकांना देऊया असं डोक्यात असेल तर रंगकाम आणि एसीच्या आधी सातबारा आणि ग्रामपंचायतीतून घराचा नमुना 8 चा उतारा काढा. आपल्याकडे घर बहुतेक वेळा सामाईक, उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव, निम्मे हिस्सेदार मुंबईत, त्यामुळे सगळ्यांची लेखी संमती आत्ताच घेऊन टाका, पैसे यायला लागल्यावर मागाल तर भांडणं ठरलेली.

घर समुद्राजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे केंद्र सरकारचे नियम, बघावेच लागतात. 2019 च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामावर बंधनं असलेला पट्टा, धरलंय, दाट वस्तीच्या गावांना 50 मीटर. आकडे ऐकून लोक तिथेच नाद सोडतात, पण त्याच अधिसूचनेत स्थानिक लोकांना, मच्छीमारांना धरून, आहे त्या घरात होमस्टे चालवायला मुभा दिलीये, फक्त घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे आतली डागडुजी करा, खाटा-गाद्या घाला, पण मागे दोन बाथरूम वाढवले किंवा पडवी पुढे ओढली की जोतं बदललं आणि ती मुभा गेली. गवंडी सांगेल काही होत नाही, त्याचं ऐकू नका, नोटीस तुमच्या नावावर येते.

हे जमलं की मग ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, आणि पर्यटन संचालनालयाकडे होमस्टेची नोंदणी. शेती असेल आणि जमीन किमान एक एकर असेल तर 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली करता येते, तिथे आठ खोल्यांपर्यंत चालतं. नोंदणी कशाला हवी असं बरेच जण म्हणतात, मला तर ती घ्यावीच असं वाटतं, कारण घरातली बाई व्यवसाय चालवत असेल तर ‘आई’ या राज्याच्या महिला पर्यटन धोरणात 15 लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज 12 टक्क्यांच्या मर्यादेत सरकार परत देतं, आणि त्यासाठी नोंदणी लागते.

जेवण देणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना बघा. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र घेऊन रजिस्टरमध्ये नोंद ठेवा, आणि परदेशी पाहुणा आला तर 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात, तो एक रात्र राहिला तरी.