रेखांशावरून वेळ काढायची, तर आधी चकती करा

सातवी-आठवीच्या भूगोलात मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती रेखांशावरून वेळ काढताना. नद्या, पर्वत, वाऱ्यांचे प्रकार पाठ होऊन जातात. हे गणित मात्र ‘पूर्वेला मिळवा, पश्चिमेला वजा करा’ या मंत्रावर वर्षभर रेटलं जातं. मंत्र बरोबरच आहे. पण एक ठिकाण 45° पूर्व आणि दुसरं 30° पश्चिम असं आलं की अर्धा वर्ग 45 मधून 30 वजा करून मोकळा होतो. दोन्ही ठिकाणं शून्याच्या दोन बाजूंना आहेत, म्हणजे अंतर 75° आहे, हे आकड्यांकडे बघून दिसत नाही. चित्र समोर असेल तर लगेच दिसतं. म्हणून मी हा धडा फळ्यावर सुरूच करत नाही, आधी चकती करायला लावते.

जाड पुठ्ठ्याची दोन वर्तुळं कापा, एक मोठं, एक लहान. लहान मोठ्यावर ठेवून मध्यभागी टाचणी खुपसा. ही टाचणी म्हणजे उत्तर ध्रुव. आपण ध्रुवाच्या बरोबर वरून पृथ्वीकडे बघतो आहोत, आणि तिथून ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरताना दिसते. हे वाक्य मुलांकडून दोनदा म्हणवून घ्या. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

लहान चकतीवर कोनमापकाने दर 15° ला रेघ मारा. एका रेघेवर 0° लिहा. तिथून काट्यांच्या उलट दिशेला 15, 30, 45 करत 180 पर्यंत पूर्व रेखांश, आणि काट्यांच्या दिशेला तसेच पश्चिम रेखांश. 180° ची रेघ दोघांना सामाईक. मोठ्या चकतीच्या कडेवर तास लिहायचे. सूर्य उजवीकडे आहे असं धरा. उजव्या टोकाला दुपारचे 12, वरच्या टोकाला संध्याकाळचे 6, डावीकडे मध्यरात्र, खाली सकाळचे 6, आणि मधले तास त्याच क्रमाने भरून टाका. मोठ्या चकतीचा डावा अर्धा भाग पेन्सिलीने काळा करा, ती रात्र. मोठी चकती हलवायची नाही, फिरेल ती फक्त पृथ्वी.

आता 0° दुपारच्या 12 समोर आणा. 90° पूर्वेला संध्याकाळचे 6 दिसतील, 90° पश्चिमेला सकाळचे 6. पूर्वेकडचा माणूस सूर्यासमोर आधी येऊन गेला, म्हणून त्याचं घड्याळ पुढे. मिळवायचं की वजा करायचं, हा प्रश्नच उरत नाही. चकतीवर अशी पाच-सहा उदाहरणं सोडवली की मगच आकडेमोडीकडे वळा. 360° ला 24 तास, म्हणून 15° ला एक तास आणि 1° ला 4 मिनिटं. वरच्या उदाहरणातले 75° म्हणजे 300 मिनिटं, म्हणजे 5 तास. चार मिनिटांचा आकडा पाठ करायला माझी हरकत नाही, पण तो कुठून आला हे मुलाला सांगता आलं पाहिजे.

वाररेषा, म्हणजे जी ओलांडली की वार बदलतो ती 180° ची रेषा, तिचं कोडं याच चकतीवर सुटतं. 0° वर सोमवारचे सकाळचे 6 करा. मध्यरात्रीच्या समोर कोण आहे? 90° पश्चिम. तिथून 0° वरून 180° पर्यंत सगळीकडे सोमवार सुरू झालेला आहे, आणि उरलेल्या तुकड्यात, म्हणजे 180° ते 90° पश्चिम, अजून रविवारच आहे. 180° वर दोन्ही बाजूंना घड्याळात संध्याकाळचे 6, पण अलीकडे सोमवार आणि पलीकडे रविवार. चकती हळूहळू फिरवा, रविवारचा तुकडा आकसत जातो, आणि 0° वर दुपारचे 12 झाले की तो संपतो. त्या क्षणी पुस्तकातल्या पृथ्वीवर एकच वार असतो.

पुस्तकातल्या म्हणते, कारण खरी रेषा वाकडीतिकडी आहे. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशाने व्यापारी सोयीसाठी 2011 मध्ये रेषेची बाजू बदलली आणि 30 डिसेंबर हा दिवस तिथल्या कॅलेंडरमधून गळाला. शेजारच्या अमेरिकन सामोआने बदलली नाही. ही गोष्ट सांगितली की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, त्या दिवशी वाढदिवस असलेल्यांचं काय? दुसरी हमखास चालणारी गोष्ट मॅगेलनच्या मोहिमेची. पश्चिमेकडे जात जात पृथ्वीला वळसा घालून उरलेले खलाशी 1522 च्या जुलैत केप व्हर्डे बेटांवर पोचले. त्यांच्या रोजच्या नोंदीप्रमाणे बुधवार होता, बेटावरचे लोक म्हणत होते गुरुवार. नोंदी चोख होत्या, तरी एक दिवस गेला कुठे, हे चकतीवर बोट फिरवून मुलांनाच शोधू द्या.

प्रमाण वेळेला फार वेळ लागत नाही. प्रत्येक गावाने आपली स्थानिक वेळ पाळली तर रेल्वेचं वेळापत्रक छापता येणार नाही, एवढं सांगितलं की पुरतं. ही वेळ देश आपापल्या सोयीने ठरवतात, हे मात्र उदाहरणाने दाखवा. चीन एवढा रुंद देश, पण सगळीकडे एकच वेळ, 120° पूर्व रेखावृत्ताची. पश्चिमेकडचं काशगर साधारण 76° वर आहे. फरक 44°, म्हणजे 176 मिनिटं. तिथे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा सरकारी घड्याळात तीन वाजायला आलेले असतात. स्पेनचं माद्रिद तर 0° च्या पश्चिमेला असून ग्रीनिचच्या एक तास पुढची वेळ पाळतं.

एवढं झालं की बाहेर उन्हात चला. एक सरळ काठी सपाट जागी उभी रोवा आणि ओळंब्याने ताठ आहे ना ते बघा. जुने ज्योतिषी याला शंकू म्हणत. मध्यान्ह काढायला सगळ्यात आखूड सावली शोधत बसू नका. मध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी इतकी कमी बदलते की नेमका क्षण हाती लागत नाही. त्याऐवजी सकाळी सावलीच्या टोकाला खूण करा, वेळ लिहा, आणि काठी मध्य धरून दोरीने तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. सावली आखडत वर्तुळाच्या आत जाईल आणि दुपारनंतर वाढत पुन्हा कडेला टेकेल. ती वेळ लिहा. दोन वेळांचा मध्य म्हणजे तुमचा मध्यान्ह.

समजा सकाळी 10:40 ला खूण केली आणि दुपारी 2:10 ला टोक पुन्हा कडेला आलं. मध्य निघतो 12:25. म्हणजे तुमचा मध्यान्ह प्रमाण वेळेच्या 25 मिनिटं मागे आहे, आणि 25 ला 4 ने भागलं की तुम्ही प्रमाण रेखावृत्ताच्या, म्हणजे ज्याची वेळ देशभर पाळली जाते त्या रेखावृत्ताच्या, सव्वासहा अंश पश्चिमेला आहात. नकाशा उघडून ताडून बघा.

यात एक मेख आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाबरोबर चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सुमारे 16 मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे 14 मिनिटं मागे. 16 मिनिटांची चूक म्हणजे 4° ची चूक. म्हणून प्रयोग 15 एप्रिल, 13 जून, 1 सप्टेंबर किंवा 25 डिसेंबरच्या आगेमागे करा, तेव्हा हा फरक जवळजवळ शून्य असतो.

वर्तुळावरच्या त्या दोन खुणा पुसू नका. त्यांना जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम असते. तिच्यावर लंब टाका, उत्तर मिळेल. मग शेजारी होकायंत्र ठेवून सुई किती अंश बाजूला जाते ते कोनमापकाने मोजा.