ब्रेल पाटीवर ‘किती’ कसं लिहायचं?

लुई ब्रेलचे वडील घोड्यांचं खोगीर-सामान बनवायचे. त्यांच्या कारखान्यात खेळताना तिसऱ्या वर्षी आरी लागून लुईचा डोळा गेला आणि पुढे दुसराही. त्याने 1829 मध्ये छापलेली सहा ठिपक्यांची लिपी हाताने लिहायला जे लागतं, तो त्या आरीचाच धाकटा भाऊ. मूठ असलेला, बोथट टोकाचा स्टायलस.

त्याच्या जोडीला ब्रेल पाटी, म्हणजे कागद मध्ये धरणारे दोन जोडलेले पत्रे, आणि जाड कागद घ्या. जुन्या कॅलेंडरचं जाड पान चालेल, वहीचं फाटतं.

पाटी उघडा, कागद सरळ बसवा, मिटा. वरच्या पत्र्यात खिडक्या आहेत, खालच्यात प्रत्येक खिडकीखाली सहा खळगे. अशी एक खिडकी म्हणजे एक घर. मूठ तळव्यात, तर्जनी वर. स्टायलस उभा धरा, तिरका धरला की कागद चिरतो. टक् आवाज आला म्हणजे ठिपका उठला.

आता सगळे घाबरतात ती गोष्ट. ठिपका कागदाच्या मागे उठतो, म्हणून उजवीकडून डावीकडे लिहायचं. ‘आरशासारखं उलटं’ असं मनात आणूच नका, डोकं गरगरतं. एवढंच धरा: हात घरात शिरताना पहिली लागणारी उभी ओळ वरून खाली 1, 2, 3, दुसरी 4, 5, 6. लिहिताना ती उजवीकडे असते, वाचताना डावीकडे. आकडे तेच.

‘किती’ लिहू. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, वेलांटी ऱ्हस्व असो की दीर्घ, उच्चाराप्रमाणे अक्षरानंतरच येते. उजव्या टोकापासून चार घरं:

क: 1, 3
ऱ्हस्व वेलांटी: 2, 4
त: 2, 3, 4, 5
दीर्घ वेलांटी: 3, 5

मोकळ्या हाताचं बोट पुढच्या घरावर ठेवा, म्हणजे जागा चुकत नाही.

कागद काढा, पुस्तकाच्या पानासारखा उलटा आणि डावीकडून बोट फिरवा. दुसऱ्या घरात 2, 4 ऐवजी 1, 5 लागले? मग तुम्ही घराच्या उभ्या ओळी उलट्या धरल्यात आणि वेलांटीचा ‘ए’ झाला. पहिल्या दिवशी हे होतंच. नको असलेला ठिपका उठलेल्या बाजूने नखाने दाबून सपाट करा. खूण थोडी राहते. जोडाक्षर जमवायचं असेल तर पहिल्या व्यंजनाच्या आधी एका घरात फक्त 4.

1951 पासून पर्किन्स ब्रेलर हे ब्रेल लिहायचं टंकयंत्र मिळू लागलं. त्यात कळा दाबल्या की अक्षर वरच्या बाजूला, सुलटंच उठतं. पण ते खिशात मावत नाही. छोटी पाटी मावते.