स्कर्टिंगच्या चार इंचांनी शिकवलेले काम

स्थापत्य पदविका पूर्ण करून मी पुण्यातील एका गृहप्रकल्पावर साइट सुपरवायझर म्हणून रुजू झालो, तेव्हा लेव्हल जुळली, सांधे सरळ आले की फरशीचे काम संपले, अशी माझी समजूत होती. भिंतीच्या पायथ्याशी लागणारी चार इंचांची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, मला शेवटी उरकून टाकायची बाब वाटत असे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलामुलींमध्ये हीच समजूत मला आजही दिसते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

तिसऱ्या मजल्यावरील एका बेडरूममध्ये मिस्त्रींनी दाराच्या बाजूच्या भिंतीला धरून पहिली ओळ लावली आणि मी खोलीचे कर्ण न मोजताच त्यांना होकार दिला. ती खोली काटकोनात नव्हती. बारा फुटांच्या लांबीत दीड इंचाचा फरक होता. खिडकीच्या भिंतीपाशी पोहोचलो तेव्हा शेवटच्या ओळीला एका टोकाला दोन इंच आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम अर्धा इंच जागा उरली होती. इतक्या अरुंद पट्ट्या कापताना तुटतच होत्या. मिस्त्री म्हणाले, "साहेब, स्कर्टिंग बसलं की काही दिसत नाही." टाइलची जाडी नऊ मिलिमीटर आणि मागचा मसाला पाच-सहा मिलिमीटर धरला, तर स्कर्टिंग भिंतीपासून फार तर पंधरा मिलिमीटर झाकते, हा साधा हिशेब मी तेव्हा केला नव्हता. अरुंद टोक झाकले गेले, पण पुढे पाचर रुंद होत गेली तशी ती स्कर्टिंगखालून बाहेर डोकावू लागली आणि दारातून आत येणाऱ्या माणसाची नजर थेट तिच्यावरच पडू लागली. अखेर ती फरशी उखडून पुन्हा बसवावी लागली.

तेव्हापासून पहिली टाइल बसण्याआधी मी दोन्ही कर्ण मोजतो आणि कोपऱ्यात एका भिंतीवर 6 फूट, दुसरीवर 8 फूट खूण करून त्या खुणांमधील अंतर बरोबर 10 फूट येते का, ते पाहतो. मग टाइल्स कोरड्याच मांडून भिंतीशी येणारा तुकडा किमान अर्ध्या टाइलचा राहील अशी सुरुवातीची रेघ ठरवतो. भिंत तिरपी असेलच, तर तो तिरपेपणा फूटभर रुंदीच्या तुकड्यात जिरतो आणि दोन इंचांच्या पट्टीत मात्र उघडा पडतो. कापीव तुकडे शक्यतो पलंग किंवा कपाट येणाऱ्या भिंतीकडे न्यावेत आणि दारातून अखंड टाइल दिसावी.

फरशी आणि भिंत यांच्यामध्ये चारही बाजूंनी आठ ते दहा मिलिमीटरची फट मोकळी ठेवावी आणि तिच्यात मसाला भरू देऊ नये. ही फट राहून गेलेली चूक नसते. उन्हाळ्यात फरशी प्रसरण पावते आणि तिला सरकायला जागा मिळाली नाही, तर खोलीच्या मध्यभागी दोन टाइल्स एकमेकींना भिडून तंबूसारख्या वर उचलल्या जातात. स्कर्टिंगचे खरे काम ही फट झाकण्याचे आहे. पुसताना भिंतीचा रंग खराब होऊ नये हा त्याचा दुसरा उपयोग.

आता पट्ट्यांविषयी, कारण नवख्यांची सर्वाधिक फसगत इथे होते. दोन फूट बाय दोन फुटांच्या, म्हणजे 600 मिलिमीटरच्या टाइलमधून सहा पट्ट्या निघतात, पण पाच कापांत ब्लेड प्रत्येक वेळी सुमारे दोन मिलिमीटर खाते, त्यामुळे पट्टी 100 ऐवजी 98 मिलिमीटरचीच येते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचा घेर 44 फूट. दाराचे 3 फूट वजा केल्यावर 41 रनिंग फूट उरतात. एका टाइलमधून 12 फूट मिळतात, म्हणजे चार टाइल्स पुरतात आणि तुटफुटीसाठी मी पाचवी धरतो. या सहा पट्ट्यांपैकी फक्त पहिल्या आणि शेवटच्या पट्टीला एकेक कारखान्याची सफाईदार कड असते. मधल्या चारही पट्ट्यांच्या दोन्ही लांब कडा कापलेल्या असतात. स्कर्टिंगची वरची कड नेहमी डोळ्यांना दिसते, म्हणून ती मशीनवर घासून, किंचित गोल करून, पॉलिश करून घेतली पाहिजे. ग्लेझ्ड, म्हणजे फक्त वरच्या बाजूला चकचकीत थर असलेली टाइल असेल तर कापलेल्या कडेवर आतल्या मातीचा वेगळा रंग दिसतो. तो पॉलिशने जात नाही, त्यामुळे नमुन्याची एक पट्टी कापून ग्राहकाला आधीच दाखवावी. कापताना ब्लेडवर पाणी सोडायला लावा आणि मास्क, चष्मा यांबाबत तडजोड करू नका. त्या धुळीतील सिलिका फुप्फुसांत साचते आणि सिलिकोसिस बरा होत नाही. मी कारागिरांशी सर्वाधिक वाद याच गोष्टीवरून घातले आहेत आणि पुढेही घालीन.

पट्टी बसवण्यापूर्वी भिंत सरळ आहे का, ते लांब, सरळ पट्टा लावून पाहावे. गिलाव्याला पोट आलेले असेल तर स्कर्टिंग मध्यभागी भिंतीला टेकते आणि टोकांना सुटते. ते मसाल्याने भरून काढण्यापेक्षा पोट छिन्नीने उतरवणे केव्हाही चांगले. व्हिट्रिफाइड टाइल 0.5 टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे साध्या सिमेंटच्या मसाल्याला तिच्या पाठीवर पकड मिळत नाही. टाइल ॲडहेसिव्हच वापरावे. दोन टोकांच्या पट्ट्या आधी बसवून त्यांच्यामध्ये दोरी ताणावी आणि फरशीचा सांधा व स्कर्टिंगचा सांधा एका रेषेत आणावा. बाहेरच्या कोपऱ्यावर दोन्ही पट्ट्या 45 अंशांत कापून जोडाव्यात. चौकटीपाशी संपणारे टोकही पॉलिश केलेलेच असावे.

बाल्कनी आणि बाथरूम यांचे नियम वेगळे. तिथे भिंतीच्या पायथ्याशी वॉटरप्रूफिंगचा वाटा, म्हणजे भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे मसाल्याने दिलेली गोलाई, मारलेला असतो आणि पकड मिळावी म्हणून कारागीर त्याच जागी छिन्नी चालवतात. वाटा फुटला, तर गळती पहिल्या पावसात खालच्या घराच्या छतावर दिसते. अशा भिंतीला छिन्नी लावू न देता ॲडहेसिव्हनेच पट्टी बसवावी.

काम ताब्यात घेताना मी एक रुपयाचे नाणे प्रत्येक पट्टीवर तीन ठिकाणी वाजवतो. बद्द आवाज आला, म्हणजे मागे पोकळी राहिली आहे, की ती पट्टी काढायला सांगतो. संध्याकाळी टॉर्च भिंतीला चिकटवून वरच्या कडेवर प्रकाश टाकतो, तेव्हा दिवसा न दिसणारी फट आणि पुढे-मागे झालेली पट्टी लगेच कळते. वरच्या बारीक फटीत सिलिकॉन भरू नये, कारण त्यावर रंग धरत नाही. ॲक्रिलिक सीलंट भरावे आणि तेही रंगाचा शेवटचा हात मारण्यापूर्वी. म्हणून रंगाऱ्याला बोलावण्याच्या आदल्या दिवशी मी नाणे आणि टॉर्च घेऊन प्रत्येक खोलीत एक फेरी मारतो.