वृद्धाश्रमात नोकरीला, सेवेला किंवा भेटीला जाताना

१ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला आणि दिवाळीच्या आठवड्यात आपल्याकडच्या बऱ्याच वृद्धाश्रमांच्या दारात गाड्यांची रांग लागते, फळांचे, फराळाचे आणि ब्लँकेटांचे ढीग पडतात आणि मधुमेही आजी-आजोबांच्या हाती लाडू देऊन, छायाचित्रे काढून मंडळी परततात. त्याच संस्थेत फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आजोबांना तपासणीला नेण्यासाठी माणूस मिळत नाही. पुढील सूचना त्या मंगळवारसाठी आहेत.

अंथरुणाला खिळलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा उठण्या-बसण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या ज्येष्ठांना दीर्घकाळ सांभाळणाऱ्या संस्था येथे गृहीत धरल्या आहेत. खोलीची किल्ली स्वतःकडे ठेवून राहणाऱ्या धडधाकट ज्येष्ठांच्या वसाहतींचा विचार निराळा. अशा संस्थेत मावशी, मामा आणि सिस्टर पगारावर काम करतात, स्वयंसेवक आपखुशीने येतात आणि घरची माणसे नात्याने येतात. तिघांनीही ती खोली म्हणजे तिथे राहणाऱ्याचे घर आहे असे समजून वागावे. दार उघडे असले तरी वाजवावे, विचारल्याशिवाय पलंगावर बसू नये आणि सांगितलेली वेळ पाळावी, कारण चारला येणाऱ्याची वाट तिथे सकाळच्या चहापासून पाहिली जाते.

घरच्यांनी काय करावे

दाखल करण्याच्या आधीच दोन कागद तयार करावेत. पहिला वैद्यकीय: औषधांची नावे, मात्रा आणि वेळा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, मागच्या वेळी रुग्णालयातून सोडताना दिलेला सारांश, आणि रात्री-अपरात्री उचलले जातील असे दोन दूरध्वनी क्रमांक. दुसरा कागद सहसा कोणी देत नाही, पण मावशींना रोज उपयोगी पडतो तोच. त्यात माणसाच्या सवयी लिहाव्यात. कोणत्या कानाने बरे ऐकू येते, चहा बशीतून लागतो की कपातून, अंघोळ सकाळची की दुपारची, कोणत्या कुशीवर झोप लागते, दिवा मालवल्यावर भीती वाटते का, आणि हाक कशी मारलेली आवडते. चाळीस वर्षे शाळेत शिकवलेल्या स्त्रीला ‘आजी’ म्हटलेले कदाचित रुचणार नाही, पण ‘बाई’ म्हटले की ती मान वर करते. एसटीत पहाटेच्या फेऱ्या केलेला माणूस चारला जागा होतो, हे कागदावर लिहिलेले असले तर रात्रपाळीचा मामा त्याला निद्रानाशाचा रुग्ण ठरवत नाही.

करार वाचताना मासिक शुल्कापेक्षा त्यात काय येत नाही याकडे लक्ष द्यावे. डायपर, फिजिओथेरपी, रुग्णवाहिका, रुग्णालयात दाखल झाल्यावर सोबत बसणारा माणूस, अनामत रक्कम परत मिळण्याची अट, यांपैकी प्रत्येक गोष्ट लेखी असावी. कपड्यांवर आतल्या बाजूने न धुतली जाणारी शाई किंवा दोरा वापरून नाव घालावे. चष्म्याच्या काडीवर आणि कवळीच्या डबीवरही घालावे, कारण एका दालनात दहा माणसे असली की कवळ्यांची अदलाबदल होते आणि मग दोघेही जेवत नाहीत. सोने घरी ठेवावे. निवृत्तिवेतन सरकारी असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला कोण काढणार हे आधीच ठरवावे. ८० वर्षांवरील निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो, आणि चेहरा ओळखून मोबाइलवरून तो काढण्याची सोय असल्यामुळे बँकेपर्यंतची ओढाताण वाचते.

नव्याने दाखल झालेल्या माणसाला ‘रुळू द्या, पंधरा दिवस येऊ नका’ असे काही ठिकाणी सांगितले जाते. मला हा सल्ला पटत नाही. भेट लांबलचक आणि रडारडीची नसावी हे खरे. परंतु अर्ध्या तासाची, ठरलेल्या वाराची आणि ‘पुन्हा शनिवारी येतो’ असे सांगून शनिवारी खरोखर घडणारी भेट माणसाला स्थिर करते. अंघोळीची आणि दुपारच्या झोपेची वेळ टाळावी. स्मृतिभ्रंश असलेल्या अनेकांची अस्वस्थता संध्याकाळी वाढते, म्हणून त्यांना सकाळी भेटणे बरे. ‘मी कोण, ओळखलंस का?’ ही परीक्षा कधीही घेऊ नये. आत शिरताच आपणच ‘आई, मी सुनील, तुझा धाकटा’ असे सांगावे, त्यात तिचा मान राहतो. भेटीत नुसते समोर बसून राहण्यापेक्षा हाताला काम असावे: नखे कापणे, पायांना तेल लावणे, जुन्या छायाचित्रांचा अल्बम चाळणे. मधुमेह्याच्या पायाची नखे मात्र सिस्टरना विचारूनच कापावीत.

भरवायचे असल्यास तर नक्कीच आधी विचारावे. गिळण्याचा त्रास असणाऱ्या माणसाला पातळ पाणी सुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. पाठ सरळ ठेवून बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, घास लहान असावा, पहिला गिळल्याचे पाहून दुसरा द्यावा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. शेजारच्या पलंगावरच्या आजींनी मागितले तरी त्यांना आपल्या डब्यातले देऊ नये. किडनीच्या रुग्णाला केळे देखील अपायकारक ठरू शकते.

घरच्यांची नजर हीच मोठी मदत असते, कारण रोज पाहणाऱ्याच्या लक्षात न येणारा बदल आठवड्याने येणाऱ्याला दिसतो. टाचा आणि माकडहाडाजवळची त्वचा पाहावी. दाबूनही न जाणारी लाली ही एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची (बेडसोरची) सुरुवात असते. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असे नाही, तिथे तो भाग गडद, गरम किंवा कडक लागतो. कपडे सैल होऊ लागले का, ओठ कोरडे आहेत का, हेही पाहावे. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज अचानक भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. लघवीचा संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठ किंवा नवे औषध, यांपैकी काहीतरी त्यामागे असू शकते, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले तर ते बहुधा सुधारते.

तक्रार असेल तर मावशींना व्हरांड्यात सर्वांसमोर बोलू नये. त्यांच्यावर ओरडून घरची माणसे निघून जातात, आणि रात्री त्याच मावशींच्या हातून कूस बदलून घ्यायची असते. दिवस, वेळ आणि घडलेली गोष्ट लिहून अधीक्षकांना द्यावी, उत्तर न आल्यास विश्वस्तांना लिहावे. दुर्लक्ष, मारहाण किंवा पैशांची फसवणूक असेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या विनामूल्य राष्ट्रीय क्रमांकावर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत बोलता येते. उलट बाजूही सांगायला हवी. आई-वडिलांना संस्थेत ठेवून पत्ता बदलणारी मुले असतात. सांभाळण्याची जबाबदारी असलेल्या ज्येष्ठाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कुठेही सोडून जाणे हा २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचा किंवा पाच हजार रुपयांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे.

परदेशात राहणाऱ्यांनी गावातली एक व्यक्ती लेखी नेमावी, जिला रुग्णालयात हलवण्याचा निर्णय घेता येईल आणि सही करता येईल. व्हिडिओ कॉलची वेळ भारतीय घड्याळाने ठरवावी. न्यू जर्सीत नोव्हेंबरमध्ये घड्याळ एक तास मागे जाते. मुलगा आपल्या सवयीच्या वेळेलाच फोन करतो आणि इकडे आजी तोवर अंघोळीला गेलेल्या असतात. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात अशा प्रत्येक संस्थेत निवासींची परिषद असणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि नातेवाइकांनाही आपली परिषद स्थापण्याचा हक्क आहे. आपल्याकडे तशी सक्ती नसली तरी तीन-चार कुटुंबांनी मिळून दर दोन महिन्यांनी अधीक्षकांबरोबर चहाला बसण्यास कोणाची हरकत नसते. एकेकट्याच्या तक्रारीने न हलणारी गोष्ट, उदाहरणार्थ न्हाणीघरात धरायला दांड्या बसवणे, अशा बैठकीतून मार्गी लागण्याची शक्यता जास्त.

स्वयंसेवकांनी काय करावे

आधी व्यवस्थापकांना भेटून एक वार, एक तास आणि किमान तीन महिने एवढे वचन द्यावे. जास्त उत्साह असला तरी याहून मोठे वचन सुरुवातीला देऊ नये. ओळखपत्राची प्रत आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी मागितली तर अपमान वाटून घेऊ नये, न मागणाऱ्या संस्थेविषयी उलट शंका घ्यावी. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी फोन करून घरीच राहावे. आत जाताना आणि बाहेर पडताना साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत.

स्वयंसेवकाने कोणालाही एकट्याने उचलू नये, औषध देऊ नये, विचारल्याशिवाय पाणीही पाजू नये, पैशांचे व्यवहार अंगावर घेऊ नयेत. छायाचित्राचा मुद्दा कडकपणे पाळावा. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती हसून मान हलवते, त्याला संमती म्हणत नाहीत. शिवाय शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपण वृद्धाश्रमात असल्याचे कळू नये असे वाटणारे अनेकजण तिथे असतात, आणि समाजमाध्यमावरच्या एका छायाचित्राने ते उघड होते.

करता येण्याजोगी कामे भरपूर आहेत. वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, आणि ते मथळ्यांवर न थांबता निधनवार्तांपर्यंत वाचावे, कारण तेच पान आधी मागितले जाते. श्रवणयंत्राची बॅटरी बदलावी, चष्मा पुसावा, मोबाइलवर नातवाचा संदेश लावून द्यावा, बाह्यरुग्ण विभागात सोबत जावे. व्हीलचेअर हाताळायला फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. माणूस बसताना आणि उठताना दोन्ही ब्रेक लावलेले आणि पाय ठेवण्याच्या पट्ट्या वर केलेल्या असाव्यात, आणि उतारावरून खाली नेताना खुर्चीची पाठ उताराकडे करून, आपण खालच्या बाजूला राहून उलट पावली चालत ती हळूहळू न्यावी. गाण्याचा कार्यक्रम करायचा असेल तर ध्वनिवर्धक आणू नये. श्रवणयंत्र लावलेल्याला तो गोंगाट सहन होत नाही. त्यापेक्षा चार जणांनी गोल करून बसावे आणि हरिपाठ किंवा जुनी भावगीते त्यांनाच म्हणू द्यावीत. नावे विसरलेल्या बाईंना अभंगाचे शेवटचे कडवे आठवते, आणि आपणच मध्ये अडखळतो.

देणगी देण्यापूर्वी फोन करून गरज विचारावी. जुने कपडे आणि मिठाई यांची सहसा गरज नसते; प्रौढांचे डायपर, सुती चादरी, हातमोजे, हवेच्या गाद्या यांची असते. पावती घ्यावी, आणि २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख दिल्यास आयकरात वजावट मिळत नाही हे ध्यानात ठेवावे.

नोकरी करणाऱ्यांनी काय पाहावे

परिचारिकेसाठी एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) किंवा जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) अभ्यासक्रम आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. काळजीवाहकाच्या कामासाठी काही महिन्यांचा जनरल ड्यूटी असिस्टंटचा अभ्यासक्रम उपयोगी पडतो. मुलाखतीत पगाराबरोबरच रात्रपाळीला एका माणसावर किती निवासी येतात, हे अवश्य विचारावे. उत्तर देण्याचे टाळले गेले तर ती नोकरी पाठीच्या दुखण्यावर संपणार असे समजावे. नियुक्तीपत्र, साप्ताहिक सुट्टी आणि हेपटायटिस बी लशीचे तीन डोस यांचा आग्रह धरावा. मावशींना ‘घरच्यासारख्याच आहेत’ म्हणून बारा तास राबवून घेणाऱ्या संस्था आहेत. घरच्यासारखे मानणे हा पगाराला पर्याय नाही.

प्रत्यक्ष कामात दोन सवयी सर्वात आधी लागायला हव्यात. पहिली, स्पर्शाआधी शब्द: ‘आता कूस बदलते हं बाई’ असे सांगून मगच हात लावावा. समोरची व्यक्ती शुद्धीत नसली तरी सांगावे. काखेत हात घालून ओढू नये. अंगाखालची चादर दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवावे आणि साधारण दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद करावी. पडलेल्या माणसाला घाईने उभे करू नये, आधी शुद्ध, वेदना आणि हाडाची ठेवण पाहून सिस्टरना बोलवावे. दुसरी सवय पाळी बदलतानाच्या पाच मिनिटांची. कोण जेवले नाही, कोणाला लघवी कमी झाली, कोणाचा मुलगा येऊन गेल्यावर कोण रडत होते, एवढे पुढच्या पाळीला तोंडी आणि नोंदवहीत दोन्हीकडे सांगावे. निवासींकडून किंवा नातेवाइकांकडून उसने पैसे, दागिने घेऊ नयेत, आणि कोणाच्याही मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करू नये.

शेवटच्या दिवसांची तयारी

हा विषय प्रवेशाच्या वेळीच काढलेला बरा, कारण रात्री अडीचला तो काढता येत नाही. अखेरच्या आजारात अतिदक्षता विभागात हलवायचे की इथेच वेदनाशमन करत राहायचे, हे शक्य असेल तर त्या व्यक्तीलाच विचारून लिहून ठेवावे. नेत्रदान साधारणतः सहा तासांच्या आत व्हावे लागते, म्हणून नेत्रपेढीचा क्रमांक परिचारिका कक्षात लावलेला असावा. पथक येईपर्यंत पंखा बंद ठेवून मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवावा. मृत्यूचे वैद्यकीय प्रमाणपत्र कोणते डॉक्टर देणार, मुले पोहोचेपर्यंत देह कोठे ठेवायचा आणि २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद कोण करणार, ही नावे फाइलच्या पहिल्या पानावर असावीत. ज्या मावशींनी वर्षानुवर्षे अंघोळ घातली त्यांना पाळी संपली असली तरी कळवावे आणि निरोपाच्या वेळी पुढे बोलवावे. शेजारच्या पलंगावरच्या माणसालाही खरे सांगावे. ‘गावाला गेले’ असे सांगितले तर रिकामी गादी पाहून त्याला ते कळतेच, आणि पुढे कोणाच्याही बोलण्यावर त्याचा विश्वास राहत नाही. खोली आवरताना व्हीलचेअर किंवा हवेची गादी संस्थेला द्यायची असल्यास निर्जंतुक करून द्यावी, आणि चष्मा, डायरी, देवाची मूर्ती अशा वस्तू यादी करून सहीनिशी घरच्यांच्या हाती सोपवाव्यात.