चार महिने उभी असलेली गाडी झटके मारतेय? या चुका टाळा

नेरुळला माझं गॅरेज आहे, या कामात बावीस वर्षं झाली. घटस्थापना झाली की दरवर्षी तेच फोन सुरू होतात. "दादा, गाडी पावसाळाभर उभी होती. स्टार्ट होते, पण थरथरते, पिकअप घेत नाही. दसऱ्याच्या आत होईल ना?" नेरुळ, सीवूड्स, बेलापूर, खारघर या पट्ट्यात जहाजावर नोकरी करणारे पुष्कळ. मे महिन्यात जातात, सप्टेंबरअखेर येतात, आणि गाडी चार महिने बिल्डिंगखाली. खाडीची खारी हवा, वर पाऊस. अशा गाडीचं इंजिन सहसा बिघडलेलं नसतं. पेट्रोल खराब होतं, बॅटरी उतरते, कनेक्टरमध्ये ओल जाते, उंदीर शिरतात. यातलं बरंचसं नुसतं बघून कळतं. पण माणूस आल्याआल्या चावी फिरवतो. आधी बॉनेट उघडा, चावी नंतर. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता लिहूनच ठेवतो.

"दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवत होतो"

हे वाक्य ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण सांगणाऱ्याने ते काळजीपोटी केलेलं असतं. कधी वॉचमनकडे चावी दिलेली असते, कधी घरातले वडीलधारे खाली उतरून गाडी चालू करतात आणि पाच मिनिटांनी बंद करून वर जातात. उभ्या गाडीचं याने जेवढं नुकसान होतं तेवढं नुसती सोडून दिल्याने होत नाही.

हिशोब मांडून बघा. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) मिळून साधारण ३० मिलिअँपिअर करंट खातात. आठवड्याचे तास १६८, म्हणजे बॅटरीतून पाच अँपिअर-अवर (साठवलेल्या विजेचं माप) गेले. लहान गाडीची बॅटरी बहुतेक वेळा ३५ अँपिअर-अवरची. पाच मिनिटं आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) अल्टरनेटर जेमतेम एक अँपिअर-अवर परत भरतो. दर आठवड्याला खड्डा वाढतच जातो.

इंजिनात काय होतं ते आणखी वाईट. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी नीट तापली असेल तर वाफ सायलेन्सरमधून बाहेर जाते. पाच मिनिटांत काहीच तापत नाही, त्यामुळे ते पाणी सायलेन्सरमध्ये साचतं आणि तो आतून गंजतो. थोडं ऑइलमध्येही उतरतं. तुमच्या गाडीचं ऑइलचं झाकण काढा आणि आतली बाजू बोटाने पुसून बघा. सायीसारखा पिवळट चिकट थर निघाला तर समजा, गाडी नुसतीच चालू-बंद होत होती. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही दुधाळ दिसत असेल तर मात्र मामला वेगळा आहे, ऑइलमध्ये बरंच पाणी शिरलंय, मग स्टार्टच करू नका. शिवाय थंड इंजिनाला ईसीएम जास्त पेट्रोल देतो, त्याची काजळी ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर बसते. चार महिन्यांत अशा सोळा-सतरा वेळा झाल्या की गाडी मिसिंग करणारच, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटणार नाही.

माझी पद्धत साधी आहे. चालवायचीच असेल तर पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास खरोखर चालवा. नेरुळहून पाम बीच रोडने वाशीपर्यंत जाऊन परत आलात तरी चालेल, पण इंजिन पूर्ण तापू द्या. ते जमणार नसेल तर जाण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि गाडीला कोणीही हात लावू नका. परत आल्यावर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२च्या खाली असेल तर दुसऱ्या बॅटरीने जंप देऊन पळवू नका, चार्जरवर रात्रभर लावा. टर्मिनल जोडल्यावर पहिले काही किलोमीटर आयडलिंग वर-खाली होतं, कारण ईसीएमने शिकलेलं विसरलेलं असतं. पंधरा-वीस किलोमीटर चालवा, बहुतेक गाड्या आपोआप जागेवर येतात. तेवढाही धीर न धरता त्याच दिवशी थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून घेणारे मी पाहिलेत. तो खर्च वाया जातो.

आधी पार्ट बदलायचे, मग कारण शोधायचं

काही वर्षांपूर्वी सीवूड्सहून एक काका आले. मुलगा जहाजावर, गाडी कंपनी फिटेड सीएनजी, उघड्या पार्किंगमध्ये गुलमोहराखाली उभी. स्टार्ट झाली की भडभडायची, सिग्नलला बंद पडायची. माझ्याकडे येण्याआधी दुसरीकडे चारही प्लग बदलून झाले होते, मग एक कॉइल (प्लगला वीज देणारी), आणि आता इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) बदला म्हणून सांगितलं होतं. काकांच्या हातात बिलांची पिशवी होती. प्रत्येक वेळी "आता होईल" म्हणून पैसे घेतले होते आणि गाडी होती तशीच होती.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला, "काका, सीएनजीवर गेल्यावर पण थरथरते का?" ते थोडं थांबले आणि म्हणाले, "नाही रे, तेव्हा बरी चालते."

हे आधी कोणी विचारलंच नव्हतं. सीएनजीच्या बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन थोडं तापलं की गॅसवर जातात. प्लग आणि कॉइल दोन्ही इंधनांना तेच. ते खराब असते तर गाडी गॅसवरही मिसिंग केली असती, उलट गॅसवर जास्तच. फक्त पेट्रोलवर त्रास असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूला शोधायचा: टाकी, पंप, फिल्टर, इंजेक्टर. ही तपासणी फुकट आहे आणि दोन मिनिटांत होते.

टाकी रिकामी केली. चार लिटरही नव्हतं. काचेच्या बाटलीत भरून उजेडात धरलं तर मधोमध स्पष्ट रेघ: वर पिवळसर पेट्रोल, खाली पाण्यासारखा थर. वास वार्निशसारखा. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते सामावून घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन खाली बसतात. पंप खालूनच ओढतो, म्हणजे इंजिनाला सगळ्यात आधी तेच मिळतं. पाणी आलं कुठून, तर पेट्रोलच्या झाकणाचं रबर तडकलेलं होतं, आणि झाकणाभोवतीच्या खोबणीतून पाणी जायचं छोटं भोक गुलमोहराच्या बारीक पानांनी बुजलं होतं. पावसाचं पाणी तिथे तळं करून थेंबथेंब आत जात होतं. टाकी धुतली, फिल्टर बदलला, नवीन झाकण लावलं, दहा लिटर ताजं पेट्रोल भरलं. संध्याकाळी गाडी घरी गेली. काकांनी जुने प्लग पिशवीत जपून ठेवले होते. मी बघितले, एकही खराब नव्हता.

सीएनजीवाल्यांनी हे मनावर घ्या. "आपल्याला पेट्रोल लागतच नाही" म्हणून टाकीत तीन-चार लिटर वर्षभर पडून असतं. उभी ठेवताना पेट्रोल गाडी असो की सीएनजी, टाकी जवळपास भरून ठेवा. भरलेल्या टाकीत ओल्या हवेला जागा कमी राहते. खराब झालेल्या पेट्रोलमध्ये बाटलीतलं औषध ओतून ते सुधारत नाही. ते काढावंच लागतं.

एअर फिल्टरचा डबा न उघडणं

चार क्लिपा असतात, हाताने निघतात. आतापर्यंत मी त्या डब्यातून कापूस, चपातीचे तुकडे, शेंगांची टरफलं आणि एकदा डोळेही न उघडलेली उंदराची पिल्लं काढली आहेत. हवा अडली की पिकअप जातो. तिथे लेंड्या दिसल्या तर इंजेक्टरच्या आणि कॉइलच्या वायरी एकेक करून हाताने चाचपा. नुसत्या नजरेने बघून भागत नाही. वायर खालच्या बाजूने कुरतडलेली असते, वरून अख्खी दिसते. उघड्या तांब्यावर हिरवट गंज चढला की ती वायर कधी जोडली जाते, कधी तुटते, आणि गाडी मधूनच झटके मारते. चिकटपट्टी गुंडाळून सोडू नका. गंजलेला भाग कापून सोल्डर करून घ्या. उंदीर पळावेत म्हणून तंबाखूच्या पुड्या बांधून मला फरक पडलेला दिसला नाही. गाडी कचऱ्याच्या खोलीपासून लांब लावली की पडतो.

बाकीच्या चुका

हँडब्रेक ओढून गाडी ठेवू नका, मागचे ब्रेक लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाका आणि चाकाला वीट लावा. चिकटलाच तर एक्सलेटर देऊन ओढू नका, चाक काढून ड्रमवर हातोडीने हलकं ठोका.

थरथर फक्त चालताना येत असेल आणि उभ्यावर गाडी शांत असेल तर इंजिनाला दोष देऊ नका. टायर एका जागी दबलेत. हवा भरा आणि थोडं चालवा.

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर गॅरेजपर्यंत हळू आणता येते. लुकलुकत असेल तर तिथेच बंद करा, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) जाळतं.

प्लॅस्टिकचं कव्हर पावसाळ्यात घालू नका.

आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी इंजिनवर प्रेशरचं पाणी मारू नका. पाणी प्लगच्या विहिरीत साचतं आणि पूजेच्या सकाळी गाडी तीन सिलिंडरवर चालते. ओलं फडकं पुरतं.

पार्किंगमध्ये पाणी भरलं होतं का, हे न विचारणं

तुम्ही नसताना पाणी चढलं असेल तर तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून शेजारी गाडी लावणाऱ्यांना विचारा. दाराच्या आतल्या पत्र्यावर चिखलाची रेघ शोधा, सीटखालचं कार्पेट दाबून बघा. पाणी निम्म्या चाकाच्या वर गेल्याची शंका आली तर चावी लावू नका, गाडी उचलून आणा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी हेल्पर होतो. पुढचे दोन महिने आम्ही बुडालेल्या गाड्याच करत होतो. ज्यांनी चावी फिरवली नव्हती त्यांचे प्लग काढून स्टार्टर फिरवला की सिलिंडरमधून पाण्याची चिळकांडी बाहेर यायची, मग ऑइल आणि फिल्टर बदलून त्यातली बरीच इंजिनं वाचली. ज्यांनी फिरवली होती त्यांचे कनेक्टिंग रॉड (पिस्टनचे दांडे) वाकलेले निघाले. पाणी दाबलं जात नाही, मग रॉडच वाकतो. इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर साध्या विम्यात हा खर्च सहसा मिळत नाही. पॉलिसी काढून ती ओळ आजच वाचून घ्या.