टीव्ही आपोआप चालू होतो? बंद करण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा

टीव्ही आपोआप चालू झाला की हात आधी रिमोटकडे जातो. साहजिकच आहे, मध्यरात्री बाहेरच्या खोलीतून मोठ्याने बातम्या ऐकू यायला लागल्यावर कोण शांत बसेल? पण घाईने टीव्ही बंद केला की सगळ्यात चांगला पुरावाही त्याच्यासोबत जातो. टीव्ही कोणत्या स्क्रीनवर उघडला, यावरून त्याला कोणी उठवलं हे बहुतेक वेळा कळतं. म्हणून पुढच्या वेळी आवाज म्यूट करा, मोबाइलने स्क्रीनचा एक फोटो घ्या आणि मगच टीव्ही बंद करा. फोटोसोबत वेळही नोंदली जाते, ती पुढे उपयोगी पडते.

घरात एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांना या प्रकाराची खरोखर धास्ती बसते. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका. कारण सापडलं आणि त्यांना ते नीट दाखवता आलं, की ती भीती जाते. आणि कारण बहुतेक वेळा सापडतं, तेही टीव्ही न उघडता.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. रिमोटने ‘बंद’ केलेला टीव्ही पूर्ण बंद नसतो, तो स्टँडबायवर असतो. त्याचा रिमोटचा सेन्सर आणि एक छोटा प्रोसेसर जागाच असतो आणि ‘चालू हो’ या आदेशाची वाट बघत असतो. हा आदेश फक्त रिमोटकडूनच येतो असं नाही. तो एचडीएमआय केबलमधून, वाय-फायवरून, टीव्हीच्या स्वतःच्या घड्याळाकडून किंवा टीव्हीवरच्या बटणाकडूनही येऊ शकतो. यातला नेमका कोण आदेश देतोय, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

पायरी १ : चार-पाच वेळांची नोंद ठेवा

प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: किती वाजता चालू झाला, स्क्रीनवर काय होतं आणि त्याच सुमारास घरात काय घडलं. वीज गेली-आली का, कोणी मोबाइलवर व्हिडिओ लावला का, गेमचा कंट्रोलर कोणी उचलून ठेवला का?

सेट-टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक किंवा गेम कन्सोलची स्क्रीन उघडली असेल तर संशय एचडीएमआयवर घ्या. रोज ठरावीक वेळी चालू होत असेल तर टायमर. एखाद्या अॅपचा व्हिडिओच सुरू झाला असेल तर कोणाचा तरी मोबाइल किंवा आवाजावर चालणारा स्पीकर. आणि कसलाच मेळ लागत नसेल, म्हणजे कधीही चालू होतो, मध्येच आवाज वाढतो, मेनू उघडतो, तर रिमोट किंवा टीव्हीवरची बटणं.

पायरी २ : एचडीएमआयने जोडलेली उपकरणं तपासा

मी सगळ्यात आधी इथेच बघते. बहुतेक एचडीएमआय उपकरणांत सीईसी नावाची सोय असते. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १३ क्रमांकाची पिन या कामासाठी राखलेली आहे. चित्र आणि आवाज बाकीच्या पिनांमधून जातात आणि या एका तारेवरून उपकरणं एकमेकांना निरोप देतात. बॉक्स चालू केला की टीव्ही आपोआप चालू होऊन बॉक्सच्या इनपुटवर जातो, ती याच तारेची करामत. सोय चांगलीच आहे. अडचण अशी की बॉक्सने स्वतःच्या कारणासाठी डोळे उघडले, तरी तोच निरोप टीव्हीकडे जाऊ शकतो. सेट-टॉप बॉक्स रात्री सॉफ्टवेअर अपडेट करून रीस्टार्ट झाला, कन्सोल झोपेतून जागा झाला, स्ट्रीमिंग स्टिकचा रिमोट उशीखाली दाबला गेला, की टीव्ही चालू.

टीव्हीच्या मेनूत ‘सीईसी’ हा शब्द शोधून अनेकदा सापडत नाही, कारण प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलं आहे. सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकवर व्हिएरा लिंक, फिलिप्सवर ईझीलिंक. सेटिंग्जमध्ये बाहेरची उपकरणं किंवा एचडीएमआय यासंबंधीच्या भागात हे नाव मिळेल.

ते सापडलं की लगेच सगळं बंद करू नका. तुमचा साउंडबार एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून साउंडबारकडे पाठवण्याची सोय) असलेल्या एचडीएमआय पोर्टला जोडलेला असेल, तर सीईसी बंद केल्यावर त्याचा आवाज जाऊ शकतो किंवा टीव्हीच्या रिमोटने त्याचा आवाज कमी-जास्त होणं थांबतं. बऱ्याच जणांची इथे फसगत होते आणि मग ते साउंडबारच बिघडला असं समजतात. आधी मेनूत नीट बघा. काही टीव्हींमध्ये ‘उपकरणामुळे टीव्ही चालू होणे’ आणि ‘टीव्हीसोबत उपकरण बंद होणे’ हे दोन वेगळे पर्याय असतात. तसं असेल तर फक्त पहिला बंद करा. तसा पर्याय नसेल तर ज्या उपकरणावर संशय आहे त्याच्याच सेटिंग्जमध्ये जाऊन तिथलं सीईसी बंद करा. प्लेस्टेशनवर एचडीएमआय डिव्हाइस लिंक, निन्टेंडो स्विचवर टीव्हीच्या पॉवरशी जुळवून घेण्याचा पर्याय आणि अॅपल टीव्हीवर रिमोट आणि उपकरणांच्या भागात टीव्ही नियंत्रित करण्याचा पर्याय मिळतो.

कोणतं उपकरण हे करतंय ते कळत नसेल तर केबल काढून बघा. उपकरण नुसतं बंद करून भागत नाही, कारण स्टँडबायवरचं उपकरणही सीईसीवर निरोप पाठवू शकतं. केबल काढली की तो रस्ताच बंद होतो.

पायरी ३ : वीज जाऊन आल्यावर काय होतं ते बघा

नोंदीत विजेचा उल्लेख वारंवार आला असेल तर दोन शक्यता आहेत.

पहिली म्हणजे टीव्हीची आठवण. बरेच टीव्ही वीज परत आल्यावर शेवटच्या अवस्थेत जातात, म्हणजे चालू असताना वीज गेली तर आल्यावर चालू आणि स्टँडबायवर असताना गेली तर स्टँडबायवर. ज्या घरात टीव्ही रिमोटने बंद न करता थेट भिंतीवरच्या बटणाने बंद करतात, तिथे टीव्हीच्या लेखी तो ‘चालू’च राहिलेला असतो. सकाळी कोणी भिंतीवरचं बटण दाबलं की टीव्ही लागतो आणि घरातले म्हणतात, ‘आपोआप लागला.’ यावरचा उपाय साधा आहे: आधी रिमोटने बंद करा, काही सेकंद थांबा, मग भिंतीवरचं बटण. काही टीव्हींमध्ये वीज आल्यावर काय करायचं हे ठरवण्याचा पर्यायही असतो. तो असेल तर स्टँडबायवर ठेवा.

दुसरी शक्यता सहसा लक्षात येत नाही. वीज आल्यावर टीव्ही बिचारा स्टँडबायवरच राहतो, पण सेट-टॉप बॉक्स आपोआप चालू होतो आणि मिनिटाभराने सीईसीवरून टीव्हीला उठवतो. मध्ये एवढा वेळ गेल्यामुळे विजेचा आणि टीव्हीचा संबंध कोणाला जोडता येत नाही. हे पडताळायला पाच मिनिटं लागतात. टीव्ही रिमोटने बंद करा, बॉक्सचा प्लग काढा, अर्ध्या मिनिटाने परत लावा आणि टीव्हीकडे बघत बसा. बॉक्स सुरू होताच टीव्ही लागला तर कारण सापडलं.

पायरी ४ : टायमर आणि घड्याळ

‘ऑन टायमर’, ‘वेक-अप’, कार्यक्रमाचं रिमाइंडर, ठरवून ठेवलेलं रेकॉर्डिंग, हे सगळं एकेक करून तपासा. टीव्हीचं घड्याळही बघा. वेळ किंवा टाइम झोन चुकीचा असेल तर सकाळी सातचा टायमर भलत्याच वेळी लागतो आणि तो टायमर आहे हे ओळखूच येत नाही. बॉक्समध्येही स्वतःचे रिमाइंडर असतात, ते विसरू नका.

पायरी ५ : रिमोट

सर्वात खात्रीची चाचणी म्हणजे रिमोटचे सेल काढून ठेवणे. तेवढे दिवस टीव्ही त्याच्यावरच्या बटणाने चालवा. सेल काढल्यावर प्रकार थांबला तर दोष रिमोटचा.

लवकर तपासायचं असेल तर मोबाइलचा सेल्फी कॅमेरा उघडा आणि रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा. रिमोटचा इन्फ्रारेड प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण अनेक कॅमेऱ्यांना तो जांभळट-पांढऱ्या लुकलुकीसारखा दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश अडवणारा फिल्टर बऱ्याचदा असतो, म्हणून पुढचाच वापरा. एक बटण दाबून आधी लुकलुक दिसते याची खात्री करा, मग सगळी बोटं बाजूला घ्या. कशालाही हात न लावता लुकलुक चालूच राहिली तर एखादं बटण अडकलं आहे. सेल नेहमीपेक्षा फार लवकर संपणं हीसुद्धा त्याचीच खूण. ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटला मात्र ही चाचणी लागू नाही. त्यासाठी सेल काढणंच बरं.

घरातले बाकीचे रिमोटही बघा. जुना रिमोट सोफ्याच्या फटीत पडलेला असतो आणि कोणी बसलं की दाबला जातो. मांजर किंवा रांगतं मूल असेल तर हे पहिल्यांदा तपासा.

पायरी ६ : वाय-फाय, मोबाइल आणि आवाज

स्मार्ट टीव्हीला नेटवर्कवरून उठवता येतं. सॅमसंगवर मोबाइलने चालू करण्याचा पर्याय, एलजीवर वाय-फायने चालू करण्याचा पर्याय, सोनीवर रिमोट स्टार्ट. शेजारच्या खोलीत कोणी व्हिडिओ पाहताना चुकून कास्टचं, म्हणजे मोबाइलवरचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवण्याचं, चिन्ह दाबलं तरी टीव्ही लागतो. आवाजावर चालणाऱ्या स्पीकरला टीव्ही जोडलेला असेल तर त्याच्या अॅपमधली रुटीन तपासा. ‘शुभ सकाळ’ म्हटल्यावर टीव्ही लाव असं कोणीतरी कधीतरी ठरवून ठेवलेलं असतं आणि सगळे विसरलेले असतात.

‘टीव्ही हॅक तर झाला नाही ना?’ असं अनेकांना वाटतं. शंका वाटत असेल तर वाय-फायचा पासवर्ड बदला आणि टीव्हीत जोडलेल्या मोबाइलच्या यादीतून अनोळखी नावं काढून टाका. या दोन गोष्टींनी मन शांत होतं आणि कास्टचा रस्ताही आवरला जातो.

काही टीव्हींना हालचाल टिपणारा सेन्सर असतो. सॅमसंगच्या ‘द फ्रेम’ या टीव्हीमध्ये आर्ट मोड (टीव्ही भिंतीवरच्या चित्रासारखा दिसण्याची सोय) चालू असताना खोलीत कोणी आलं की चित्र उजळतं. हा बिघाड नाही, तो टीव्ही तसाच बनवला आहे.

पायरी ७ : टीव्हीला एकटं पाडा

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर सगळ्या एचडीएमआय, यूएसबी आणि लॅन केबल काढा, वाय-फाय बंद करा, रिमोटचे सेल काढा. टीव्हीला फक्त वीज द्या. मग थांबा, आणि पुरेसं थांबा. टीव्ही चार दिवसांतून एकदा लागत असेल तर दोन दिवस शांत गेल्याने काहीच सिद्ध होत नाही. किमान आठ-दहा दिवस द्या. शांत राहिला तर एकेक गोष्ट परत जोडा आणि प्रत्येकीनंतर तेवढंच थांबा. एका वेळी दोन गोष्टी बदलण्याचा मोह होतो, तो टाळा.

एकटा असूनही लागला तर दोष टीव्हीच्या आत आहे. सॉफ्टवेअर अपडेट करून बघा. त्यानंतर फॅक्टरी रीसेट, पण आधी अॅपचे पासवर्ड हाताशी ठेवा, कारण सगळं पुसलं जातं. तरीही थांबलं नाही तर टीव्हीच्या खाली किंवा मागे असलेलं पॉवर बटण तपासा. ओल, धूळ किंवा झिजेमुळे ते आतल्या आत दाबल्यासारखं राहतं. प्लग काढून कोरड्या मऊ कापडाने पुसा. क्लीनरचा फवारा थेट टीव्हीवर मारू नका.

मेकॅनिक कधी बोलवायचा

जळका वास, आतून टकटक आवाज, टीव्ही स्वतःच चालू-बंद होत राहणं किंवा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच प्लग काढा. लुकलुक किती वेळा झाली ते मोजून ठेवा. काही कंपन्या त्या आकड्यातून बिघाडाची जागा सांगतात. मागचं कव्हर स्वतः उघडू नका. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ धोकादायक व्होल्टेज धरून ठेवतात.

मेकॅनिकला तुमची नोंद आणि फोटो दाखवा आणि सांगा की सगळ्या केबल व सेल काढूनही टीव्ही लागतो. त्यामुळे तो थेट बटणांची पट्टी, रिमोटचा सेन्सर, पॉवर सप्लाय आणि मेन बोर्ड याच क्रमाने बघेल. बटणांच्या पट्टीचं कनेक्टर काढून ठेवून टीव्ही दोन दिवस चालवून बघता येईल का, हेही विचारा. दोष त्या पट्टीतच निघाला तर महागडा बोर्ड बदलावा लागत नाही.

तोवर रात्री झोपमोड नको असेल तर आधी रिमोटने आणि मग भिंतीवरच्या बटणाने टीव्ही बंद करा. टीव्ही ओएलईडी (पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा) असेल तर लगेच वीज तोडू नका. बराच वेळ पाहिल्यानंतर स्टँडबायवर असताना तो आपला पडदा जपण्यासाठी थोडा वेळ काम करतो आणि ते काम पूर्ण व्हावं लागतं.