वडीलधाऱ्या मित्राची स्मरणपुस्तिका काढताना

आपल्याला लिहितं करणारा माणूस पुष्कळदा वयाने पंधरा-वीस वर्षांनी मोठा असा मित्र असतो. गुरू म्हणावं तर त्याने कधी शिकवणी घेतलेली नसते. तो गेल्यावर पहिल्या स्मृतिदिनाला चार जण मिळून पुस्तिका काढतात आणि ती बहुधा वाचवत नाही, कारण प्रत्येक लेखात तेच वाक्य असतं: ‘त्यांनी मला नेहमीच प्रोत्साहन दिलं.’ प्रोत्साहन दिलं म्हणजे नेमकं काय केलं? पुस्तिकेचं सगळं काम या प्रश्नाभोवती उभं करा आणि हाताशी निदान चार महिने ठेवा.

आधी कागद

लेख मागवण्याआधी कागद गोळा करा. पत्रं, त्यांच्या दुरुस्त्या असलेली हस्तलिखितं, भेट दिलेल्या पुस्तकांच्या पहिल्या पानावरचा मजकूर, कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर खरडलेल्या चिठ्ठ्या, सगळं. त्यातली दुरुस्त्यांची पानं सर्वांत मोलाची. खोडलेला शब्द आणि त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने सुचवलेला शब्द एकाच पानावर दिसला की अर्धा लेख तिथेच झाला.

टाचण्या आणि यू-पिना हलक्या हाताने काढा. त्या गंजतात आणि गंजाच्या डागापाशी कागद ठिसूळ होतो. फाटलेल्या घडीला सेलोटेप लावू नका. काही वर्षांनी टेप सुटते, गोंद मात्र कागदात मुरून तपकिरी पट्टा उरतो. लॅमिनेशन तर नकोच, एकदा केलं की कागद पुन्हा सुटा होत नाही. ओला फडका कधीच फिरवू नका, फाउंटन पेनची निळी शाई पाण्याच्या थेंबाने पसरते. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

तारखांचा घोळ हमखास होतो. पत्राच्या माथ्यावर ‘बुधवार, रात्र’ एवढंच असतं. मग पोस्टाचा शिक्का भिंगाखाली बघा. तोही पुसट असेल तर पत्ता वाचा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. त्याआधी ‘मुंबई-२८’, ‘पुणे-३०’ असे विभागांचे आकडे लिहीत, तेच पुढे ४०००२८ आणि ४११०३० झाले. सहा आकडे असतील तर पत्र नक्की नंतरचं. नसतील तर आधीचंच, असं मात्र धरू नका. सवयीने ‘पुणे-३०’ लिहिणारी माणसं पुढेही बरीच वर्षं होती. अंदाजाने ठरवलेलं साल चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह द्या: [१९७४?].

पत्रं ३०० डीपीआयवर (दर इंचाला तेवढे ठिपके) आणि रंगीतच स्कॅन करा. काळ्या-पांढऱ्यात पेन्सिल कुठली आणि शाई कुठली ते कळत नाही. छोट्या फोटोंना ६०० डीपीआय लागतं. आंतर्देशीय पत्राच्या सगळ्या घड्या उलगडून दोन्ही बाजू घ्या. जागा संपल्यावर शेवटच्या चार ओळी दुमडायच्या पट्टीवर आडव्या लिहिलेल्या असतात आणि नेमका ‘कविता छापायला पाठव’ हा मजकूर तिथेच राहून जातो. फाइलला नाव देताना साल आधी: १९७८-०३-१२-पत्र-पान१. म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर चित्र आवळलं जातं आणि छपाईत अक्षर फुटतं.

पत्र टाइप करताना शुद्धलेखन सुधारू नका. मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम १९६२मध्ये सरकारने मान्य केले. त्याआधी शाळा शिकलेली माणसं ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘तुझें’ लिहीत आणि पुष्कळांनी ती सवय शेवटपर्यंत सोडली नाही. ते अनुस्वार म्हणजे त्यांचा आवाज आहे. मूळ लेखन जसंच्या तसं ठेवल्याची एक ओळ सुरुवातीला टाका. न लागलेल्या शब्दाच्या जागी [अस्पष्ट], गाळलेल्या भागाच्या जागी [...].

आणि परवानगी. पत्राचा कागद तुमच्या मालकीचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा असतो. १९५७चा कॉपीराइट कायदा पत्रांनाही लागू होतो. घरच्यांना निवडलेली पत्रं आधी दाखवा आणि होकार लेखी घ्या. पत्रात तिसऱ्या माणसाची उणीदुणी असतील तर ती ओळ गाळलेली बरी, पण गाळल्याची खूण दिसू द्या.

मग लेख

‘आठवणी लिहून पाठवा’ असा निरोप गेला की श्रद्धांजलीची भाषणं येतात. त्याऐवजी प्रत्येकाला तीन प्रश्न पाठवा: तुमच्या कुठल्या कामावर त्यांनी बोट ठेवलं? काय बदलायला लावलं? कुणाकडे पाठवलं, चिठ्ठी दिली की स्वतः सोबत आले? मर्यादा ७०० शब्द. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्याकडे फोनवर रेकॉर्डिंग करा, पाऊण तास पुरे होतो. उतरवलेला मजकूर त्यांना वाचून दाखवल्याशिवाय छापू नका.

फरक कसा पडतो ते बघा. ‘ते अतिशय साक्षेपी वाचक होते’ हे वाक्य कुणालाही चिकटतं. ‘वहीतल्या बारा कवितांपैकी नवांवर त्यांनी उभी रेघ मारली, उरलेल्या तिघींखाली लिहिलं, ह्या मोठ्याने वाच आणि जिथे अडखळशील तिथे काप’ हे एकाच माणसाचं असू शकतं. ‘ऋषितुल्य’, ‘अजातशत्रू’, ‘दिलदार’ ही विशेषणं दिसली की खोडा आणि त्या जागी त्यांनी केलेली एक गोष्ट मागा. मिळाली नाही तर वाक्यच जाऊ द्या.

दुसरा दोष ‘मी’चा. लेख मित्रावर असतो आणि निम्म्यावर लेखकाचे पुरस्कार सुरू होतात. कच्च्या प्रतीत प्रत्येक ‘मी’, ‘मला’, ‘माझं’ लाल पेन्सिलीने घेरा. सलग दोन परिच्छेद लाल झाले तर त्यात मित्र कुठे आहे ते शोधा. मतभेदही येऊ द्यात. त्यांना न पटलेलं नाटक तुम्ही केलंत आणि ते पहिल्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसले, हे दहा कौतुकांपेक्षा जास्त सांगतं.

खास मराठीतली अडचण म्हणजे ‘तो’ की ‘ते’. वीस वर्षांनी मोठ्या नानांना कुणी ‘अरे नाना’ म्हणत असेल, कुणी ‘अहो’. संपादकाने सगळ्यांना एका ओळीत बसवायला जाऊ नये, कारण त्या हाकेतच मैत्रीची जात कळते. मात्र एका लेखात एकच रूप हवं. ‘नाना म्हणाला’वरून तिसऱ्या परिच्छेदात ‘नाना हसले’वर घसरणं ही सर्रास होणारी चूक आहे. गेल्या माणसाबद्दल लिहिताना हात आपसूक आदरार्थी होतो, म्हणून ती घडते.

छपाई

डेमी आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, सोयीचा. फॉर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला गठ्ठा, १६ पृष्ठांचा असतो, तेव्हा ३२, ४८ किंवा ६४ पृष्ठांचाच हिशेब धरा. ५० पृष्ठं झाली की उरलेली कोरी तरी जातात नाहीतर जाहिरातींनी भरतात. पृष्ठावर साधारण २५० शब्द बसतात, म्हणजे ४८ पृष्ठांत सात-आठ लेख, दहाएक पत्रं आणि थोडे फोटो नीट मावतात. आत ८० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा पांढरा कागद, मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड. एवढ्या जाडीला मधोमध पिना पुरतात. दीडशे-दोनशे प्रतींना डिजिटल छपाई परवडते.

मुद्रितशोधन शेवटच्या पीडीएफवर करा, वर्डच्या फाइलवर नव्हे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्य’मधला अर्धा र जाऊन त्या जागी रफार येतो आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेले सगळे शब्द शोधून तपासा. फॉन्ट मराठी वळणाचा घ्या. हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आले की पान परकं दिसतं. आडनावं आणि फोटोखालच्या ओळी दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. फोटोतल्या माणसांची नावं ‘डावीकडून’ द्या आणि न ओळखलेल्याचं नाव अंदाजाने घालू नका.

प्रती वाटून झाल्या की मूळ कागद ज्याचे त्याला परत करा. त्यासाठी घेतानाच पाकिटावर नाव आणि नगांची संख्या पेन्सिलीने लिहून ठेवलेली असावी. स्कॅनचा एक संच घरच्यांकडे, एक तुमच्याकडे, आणि पुस्तिकेच्या दोन प्रती ते जिथे रोज पेपर वाचायला बसत त्या वाचनालयात.